शेवटून दुसरी ओळ

मी कोंढ्याहून निघालो त्या सकाळी मला पोचवायला बसथांब्यावर एकटी माय होती. रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे, दिवस होते. आमच्या भंडारा जिल्ह्यात रोवणा सुरू असला की लोक सोयरिकीचं बोलणंसुद्धा पुढे ढकलतात, मग मला निरोप द्यायला कोण रिकामं असणार? मायही बांधीतूनच आली होती, पायांना चिखल तसाच. तिने शिदोरीची पिशवी हातात दिली, पासपोर्ट घेतला का विचारलं, तिकीट घेतलं का विचारलं, आणि पुन्हा एकदा पासपोर्ट घेतला का विचारलं. भंडाऱ्याची बस आली, मी चढलो. गावाबाहेरच्या वळणावर रस्त्याला लागूनच आमची धानाची बांधी आहे. तिथे बाबा गुडघाभर चिखलात उभे राहून रोवणाऱ्या बायांपुढे रोपांच्या जुड्या टाकत होते. बसचा आवाज ऐकून बायांनी कंबर सरळ केली, दोघी-तिघींनी हात हलवले. बाबांनी मान वळवली नाही. ते तसेच पाठमोरे जुड्या टाकत राहिले.

त्यांचा राग पैशापाण्याचा नव्हता, परदेशाचाही नव्हता. राग पोथीचा होता. आमच्या गावात श्रावणभर मारुतीच्या देवळात पोथी लागते. वाचणारे बाबा आणि अर्थ सांगणारा मी. बाबा एक ओवी चालीवर म्हणत आणि थांबत. मग मी तिचा अर्थ गावाच्या बोलीत सांगायचा, जमलं तर थोडं हसवायचं, की बाबा पुढची ओवी धरत. सोळाव्या वर्षापासून मी त्यांच्या डाव्या हाताला बसत आलो. वाचणाऱ्याला मान मिळतो, पण लोक येतात ते सांगणाऱ्यासाठी, असं मी मित्रांत फुशारकीने म्हणायचो. ते बाबांच्याही कानावर गेलं असणार.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बाबा ओसरीवर बसून एवढंच म्हणाले, "अर्थ सांगनारा चालला. आता कोनासाठी वाचू मी?"

मला तेव्हा तिशीही लागली नव्हती, नागपूरच्या दवाखान्यात रुग्णसेवकाची नोकरी केलेली, डोक्यात विमान शिरलेलं. मी उत्तर दिलं, "पोथी काय माह्या एकट्याच्या भरोशावर हाये? दुसरा पाहा कोनी." बोलून झालं आणि कळलं की हे बोलायचं नव्हतं. पण बोललेलं गिळता येत नाही. त्यानंतर बाबा माझ्याशी बोलले नाहीत.

हे सगळं मी कोंढ्याच्या मंडळींसाठी लिहितो आहे, आणि आपल्यातून बाहेर पडलेल्यांसाठीही: जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये वाढून पुण्याला गेलेला माझा वर्गमित्र, नाकाडोंगरीहून हैदराबादला गेलेला त्याचा मेहुणा, असे सगळे. तुमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी एक माणूस असेल, जो फोनवर येत नाही. नसला तर तुम्ही नशीबवान.

मी आलो इस्राएलला, एका म्हाताऱ्या माणसाची काळजी घ्यायला. या कामाला इथे 'मेटापेल' म्हणतात. गाव दक्षिणेकडचं, वाळवंटाच्या कडेचं. झाडीपट्टीतल्या माणसाला जिकडे पाहावं तिकडे झाड दिसायची सवय, आणि इथे पहिल्या दिवशी मला दिसलेली झाडं बोटांवर मोजता आली. मनात म्हटलं, हेमराज, फसलास. जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेलो. दार उघडलं ते आजोबांच्या मुलीने, रिवकाताईंनी. आत खुर्चीत एक नव्वदीकडे झुकलेले, बारीक अंगाचे गृहस्थ बसले होते. त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि शुद्ध मराठीत विचारलं, "जेवलास का रे?"

मी तिथेच रडायच्या बेतात आलो. एजन्सीने 'मूळ भारतीय कुटुंब' एवढंच कळवलं होतं. एलिया आजोबा अलिबागकडचे, बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. विशीत असताना आईवडिलांसोबत इकडे आले, कारखान्यात नोकरी केली, आणि गावातल्या मराठी लोकांच्या छोट्या सिनेगॉगमध्ये उभी हयात प्रार्थना म्हटल्या. आता डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. मराठी मात्र कोकणातली, जपून ठेवलेली. माझं "मले" आणि "तुले" ऐकून ते हैराण झाले. "हे कुठल्या देशाचं मराठी?" असं त्यांनी रिवकाताईंना विचारलं. महिनाभरात तेच शेजाऱ्याला "काहून?" विचारू लागले आणि मी "बेसेदेर", म्हणजे "ठीक आहे", म्हणू लागलो. गरमागरम भातावर कालवण आलं की आम्ही दोघंही गप्प होत असू. भाताच्या बाबतीत कोकण आणि भंडारा यांच्यात फारसं भांडण नाही.

आजोबांचं दुःख मोठं मजेशीर होतं. त्यांच्या पूर्वजांनी दोन हजार वर्षं देवाला विनवलं, आम्हाला आमच्या भूमीत परत ने. देवाने अखेर नेलं. आणि इथे उतरल्यावर आजोबांना आठवायला लागली ती घरामागची विहीर, नारळ आणि मासळीबाजार. "लहानपणी 'परत ने' म्हणताना डोळ्यापुढे यरुशलेम यायचं," ते सांगत. "इथे आल्यापासून तेच म्हणताना विहीर येते. देव तरी काय करील? त्याला कळेना की याला नक्की कुठे पोचवायचं." असं म्हणून ते मनापासून हसायचे.

मी घरी फोन करायचो शुक्रवारी दुपारी, शब्बातची, म्हणजे इथल्या शनिवारच्या विसाव्याची, तयारी लागण्याआधी. माय सगळं सांगायची: कुणाची म्हैस व्याली, बोडीत, म्हणजे गावतळ्यात, पाणी किती, कुणाच्या पोरीचं ठरलं. बाबांचं विचारलं की म्हणायची, बांधीत गेले. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडल्या असतानाही ते बांधीतच गेलेले असायचे. मी कधी जास्त खोदून विचारलं नाही. तिचा तरी काय दोष?

पहिल्या श्रावणात कळलं की अर्थ सांगायला शाळेतले एक गुरुजी बसले होते. त्यांचा अर्थ ओवीपेक्षा कठीण निघाला. माणसं गळत गेली, शेवटच्या आठवड्यात देवळात बाबा, गुरुजी आणि पुजारी असे तिघंच. मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. दुसरा श्रावण जवळ आला तेव्हा माय हळू आवाजात म्हणाली, "यंदा पोथी सोडत नाही म्हनून राहिले. कापडातच राहू दे म्हनते." पोथी हा बाबांचा एकच शौक. ते ना तंबाखू खात, ना चौकात बसत. वर्षाचे अकरा महिने ते शेतकरी असायचे आणि एक महिना त्यांचा स्वतःचा असायचा. तो महिना मी चार शब्दांत मोडला होता. मला फार वाईट वाटलं, आणि काय करावं ते सुचेना.

इकडे त्याच दिवसांत आजोबांची वेगळीच धावपळ. यहुदी लोकांचा एक शोकाचा दिवस असतो. त्यांचं मंदिर दोनदा उद्ध्वस्त झालं, ते याच तिथीला असं मानतात. सगळे जमिनीवर बसतात, दिवे मंद करतात, एकमेकांना शलोमसुद्धा म्हणत नाहीत, आणि पाच अध्यायांची विलापाची पोथी वाचतात. या दिवसाला बेने इस्राएली म्हणतात बिरड्याचा सण, कारण त्या सुमारास त्यांच्याकडे मोड आलेल्या वालांचं बिरडं करायची रीत. शोकाच्या दिवसाला कालवणाचं नाव आणि वर सण म्हणायचं, हे मराठी माणसालाच सुचावं. मी दोन दिवस वाल सोलत बसलो आणि नखं दुखवून घेतली. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात त्यांची ती नवमी श्रावणातल्या आपल्या नवमीपाशीच पडत होती. चंद्र एकच, त्यामुळे नवल काही नाही, पण मला आपलं बरं वाटलं.

आजोबांनी हट्ट धरला होता, "यंदा विलाप मीच म्हणणार, पाठ आहे मला." रिवकाताईंना भीती की मध्येच अडले तर म्हाताऱ्याचा जीव खट्टू होईल. तडजोड अशी झाली की मी शेजारी बसून सूचना द्यायची. आजोबांच्या वडिलांची एक वही होती. डाव्या पानावर हिब्रू शब्द देवनागरीत, उजव्या पानावर मराठी अर्थ. मी ओवीचा पहिला शब्द कुजबुजायचा, पुढचं ते म्हणणार. पहिले चार अध्याय सोपे, त्यातल्या ओळी मुळाक्षरांच्या क्रमाने येतात, त्यामुळे एक सरली की दुसरी आपोआप आठवते. पाचव्यात तो क्रम सुटतो. तिथे माझी गरज होती.

तालीम करता करता मी उजवं पान वाचू लागलो. माझी कल्पना होती की धर्माची पोथी म्हणजे शेवटी सगळं ठीक. हिच्यात तसं नाही. शहर ओसाड पडलंय, पोरं भुकेली आहेत, रडणाऱ्याला दिलासा द्यायला कोणी नाही. मध्ये एका ठिकाणी आशेच्या थोड्या ओळी येतात, देवाची दया रोज सकाळी नवी असते अशा अर्थाच्या, आणि पुन्हा अंधार. शेवटच्या दोन ओळी तर विचित्रच. आधीची म्हणते, आम्हाला परत घे, पूर्वीचे दिवस नव्याने दे. आणि अगदी शेवटची विचारते, की तू आम्हाला कायमचं टाकूनच दिलंस? तिथे वही संपते. मी आजोबांना विचारलं, यावर देव काय म्हणतो? ते म्हणाले, "या पोथीत देव एकदाही बोलत नाही." मला बाबा आठवले. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

त्या संध्याकाळी सिनेगॉगमध्ये पन्नासेक माणसं जमिनीवर बसली होती. बहुतेक म्हातारी, काही नातवंडं ज्यांना मराठी येत नाही. आजोबांचा आवाज सुरुवातीला थरथरला आणि मग लागला. चार अध्याय सुरळीत. पाचव्यात दोनदा अडले, मी शब्द दिला, गाडी पुढे गेली. शेवटची ओळ त्यांनी स्वच्छ म्हटली. माझा जीव भांड्यात पडला. मी वही मिटणार, एवढ्यात सगळी सभा एका आवाजात शेवटून दुसरी ओळ म्हणू लागली. आणि त्यांचं ऐकून आजोबाही तीच ओळ पुन्हा म्हणू लागले.

मला वाटलं, घोळ झाला. कुणीतरी चुकलं, त्याच्यामागे सगळे चुकले, आणि आजोबा बिचारे भुलले. मी सूचना देणारा माणूस. ओळ चुकली की ती दुरुस्त करणं हा माझा धर्म. मी त्यांच्या कानाशी वाकून शेवटच्या ओळीचा पहिला शब्द सांगितला. ते मान हलवून नाही म्हणाले. मी जरा मोठ्याने सांगितला. ते मला कोपर मारून आपली ओळ म्हणतच राहिले. मग मी पूर्ण ओळच म्हटली, खणखणीत, देवळात अर्थ सांगायच्या आवाजात. सभेची ओळ मध्येच तुटली. भंडारा जिल्ह्यातून आलेल्या माणसाने त्यांना पुन्हा एकदा कायमचं टाकून दिलं होतं. मग मागून एक बाई फिसकन हसली, आणि त्या दिवशी हसायचं नसतं म्हणून सगळेच तोंडाला रुमाल लावून गदगदू लागले. माझी फजिती पाहायला रिवकाताईही होत्या.

घरी आल्यावर मी माफी मागितली. आजोबा खुर्चीत न बसता नियमाप्रमाणे खाली गादीवर बसले होते. त्यांनी मला जवळ बसवलं.

"वहीत ते लिहिलेलं नाही रे, कारण लिहायची गरजच नसते," ते म्हणाले. "शेवटची ओळ खरी आहे. आमच्या माणसांनी ती खोडली नाही, आणि खोडायचीही नाही. मोठ्याने वाचायची. पण तिच्यावर उठून घरी जायचं नाही. एक ओळ मागे यायचं, परत ने म्हणायचं, आणि मग उठायचं."

मी विचारलं, मग देवाचं उत्तर? ते म्हणाले, येत्या शनिवारी दुसऱ्या पोथीतून वाचतात. तिची सुरुवातच दिलासा द्या, दिलासा द्या अशी. दोनदा का, तर दुःखी माणसाला एकदा सांगून पटत नाही. या दिवसाआधी दुःखाची वाचनं तीन आठवडे असतात आणि नंतर दिलाशाची सात. "म्हणजे बघ," आजोबा म्हणाले, "रडवायला तीन पुरतात."

मी हसलो, पण आतून हललो होतो. कारण ही रीत मला ठाऊक होती. बाबा कधीही पोथी वाईट जागी बांधत नसत. राजा वनात उपाशी आहे, राणीची ताटातूट झाली आहे आणि वेळ संपली, तरी ते आणखी दहा-वीस ओव्या वाचायचे. राजाला निदान एखादी झोपडी सापडली, कुणी घोटभर पाणी दिलं, की मगच लाल कापडाची गाठ. श्रोते चुळबुळ करायचे, मीही करायचो. असा माणूस आणि त्याचा पोरगा, दोघं वर्षभर सगळ्यात वाईट ओळीवर पोथी बांधून बसले होते. आणि ती ओळ माझी होती. मागे यायचं तर मलाच यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार नसतानाही मी फोन केला. माय घाबरली, इकडच्या बातम्या पाहून तिला सारखी धास्ती. मी म्हटलं, मी ठीक आहे, फोन स्पीकरवर टाक आणि बाबांपुढे ठेव. ते बांधीत गेले म्हणू नको. फोन बाबांपुढे टेकवल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "बाबा, जाताना मी चुकीचं बोललो. पोथी माह्या भरोशावर होती, अन् मले ते मालूम होतं. मालूम होतं म्हनूनच तसा बोललो. तुम्ही पोथी कापडातून सोडा. अर्थ मी इथून सांगतो."

बऱ्याच वेळाने माय म्हणाली, "ऐकलं त्याइनं." बस, एवढंच. मी फोन ठेवून वालाची भांडी घासायला घेतली.

त्यानंतर दोन दिवसांनी, इथले साडेपाच वाजलेले, म्हणजे कोंढ्यात रात्रीचे आठ, मायचा फोन आला. कानाला लावला तर देवळाची घंटा, माणसांची कुजबुज, आणि मग बाबांचा आवाज. एक ओवी चालीवर म्हटली, आणि थांबले. ते थांबले तेव्हा मला पहिल्यांदा खात्री वाटली की ते माझ्यासाठी थांबलेत. मी गॅलरीत उभा होतो, हातात कपडे वाळत घालायचे चिमटे. कशीबशी जुळवाजुळव करून मी अर्थ सांगितला. एक जुनी कोटीही मारली. देवळात हसू फुटलं. बाबांनी पुढची ओवी धरली.

असे दिवस गेले. बाबा वाचायचे, थांबायचे, मी सांगायचो. गुरुजीही येऊन बसतात आणि मान डोलावतात, असं मायने कळवलं. एलिया आजोबा गॅलरीत खुर्ची टाकून ऐकायचे आणि मध्येच शंका काढायचे, त्यांच्याही शंका देवळात ऐकू जायच्या. पण बाबा मला उद्देशून एक अक्षर बोलत नव्हते. पोथी सुरू व्हायच्या आधी नाही आणि नंतरही नाही. मी मनाला समजावलं की एवढंही पुष्कळ आहे. ते काही मनाला पटलं नाही.

मग एका संध्याकाळी ऐन पोथीत इथला भोंगा वाजला. भोंगा वाजला की मिनिटभरात ममादमध्ये जावं लागतं. ती घरातलीच जाड भिंतींची खोली. फोन गॅलरीत राहिला, मी आजोबांना उचलून आत नेलं, दार लावलं. आजोबा शांत होते. त्यांनी विचारलं, पोथी कुठे आली होती? मी सांगितलं, राजाराणी वेगळे झालेत, राजा वनात एकटा आहे. "मग लवकर सुटायला हवं," ते म्हणाले. बाहेर लांबवर एक धमाका झाला, मग शांत. निघायचा निरोप यायला वीस-पंचवीस मिनिटं लागली.

फोन केव्हाच कटला होता. कोंढ्यात साडेआठ वाजून गेलेले. रोवणा आटोपला असला तरी माणसं दिवसभर शेतात राबलेली असतात, इतका वेळ कोण बसणार? पोथी बांधून आपापल्या घरी गेले असतील असं धरून मी मायला फोन लावला, फक्त मी बरा आहे सांगायला.

मायने पहिल्याच रिंगला उचलला. ती देवळातच होती. सगळे देवळातच होते. तिने भराभरा सांगितलं: फोनमध्ये भोंगा ऐकू आला, मग आवाज गेला. लोक घाबरले. कुणी म्हणालं, तुम्ही पुढं वाचून घ्या, पोथी बांधा. बाबांनी ओवीवर बोट ठेवलेलं होतं, ते उचललं नाही. म्हणाले, सांगनारा येऊन राहिला, थांबा. आणि तेवढा वेळ त्यांनी ना पुढची ओवी म्हटली ना कापडाला हात लावला.

पूर्वी मला घर म्हणजे कोंढ्यातली ओसरी वाटायची. मग काही दिवस ती तिसऱ्या मजल्यावरची खोलीही वाटली, आणि कधी दोन्हीपैकी काहीच नाही. आता कुणी विचारलं तर मी सांगेन की आपण येईपर्यंत जिथे पुढचं वाचत नाहीत ते घर. मग मधे समुद्र का असेना.

मायने फोन पुढे सरकवला असावा. पाटावर तो टेकल्याचा आवाज आला, मग बाबांचं खाकरणं.

"आला का?" ते म्हणाले.

"आलो, बाबा."

आणि त्यांनी तीच ओवी पुन्हा पहिल्यापासून धरली.